हळूहळू म्हणजे नक्की किती?

पत्र

काका नमस्कार, मी एमएससी ऑरगॅनिक, तळोज्याला एका कंपनीत आर अँड डीमध्ये आहे, तीन वर्षं झाली. लॅबमध्ये माझं काम चांगलं आहे असं सगळे म्हणतात पण लिहायला बसले की वाट लागते. प्लांटसाठी प्रोसेसचं डॉक्युमेंट लिहून देते आणि मग रात्री दीडला शिफ्ट इनचार्जचा फोन, मॅडम स्टेप सातमध्ये काय म्हणायचंय तुम्हाला. दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी 'केमिकलने पिकवलेले आंबे' यावर लिहायला सांगितलं, मी दोन पानं लिहिली, सगळं बरोबर होतं, फॉर्म्युले पण दिले, तर सेक्रेटरी म्हणाले छान आहे पण कोणी वाचणार नाही. म्हणजे प्लांटला कमी पडतं आणि सोसायटीला जास्त होतं! आता सोपं करून लिहायचं का? सोपं केलं की काहीतरी चुकीचं लिहिलं जातं असं मला वाटतं. आमचे बॉस म्हणतात सायंटिफिक लिखाण असंच असतं, सवय होते वाचणाऱ्याला. काय करू?

ता. क. माझी मावशी अजून सगळ्यांना सांगते की मी केमिस्ट आहे म्हणजे मेडिकलच्या दुकानात आहे.

— तळोज्याची गोंधळलेली

उत्तर

अगं, पहिली गोष्ट म्हणजे तुझं पत्र मला एका वाचनात कळलं. रात्री दीड, स्टेप सात, दोन पानं, सेक्रेटरी काय म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे, कुठे अडखळलो नाही. म्हणजे लिहिता येत नाही हे काही खरं नाही. पत्र लिहिताना तुला माहीत होतं की समोर एक म्हातारा बसलाय आणि तो हे वाचून उत्तर देणार आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला जे लागेल ते तू दिलंस. डॉक्युमेंट लिहिताना हा समोरचा माणूस गायब होतो आणि आपण भिंतीशी बोलायला लागतो. माझंही तेच व्हायचं, आणि ते कसं सुटलं ते सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा एका बल्क ड्रगच्या (औषधांची मूळ पावडर बनवणाऱ्या) कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला होतो, वय तुझ्याएवढंच आणि माज तुझ्यापेक्षा जास्त. एका इंटरमिजिएटची, म्हणजे औषध बनायच्या वाटेवरच्या मधल्या पदार्थाची, प्रोसेस लॅबमध्ये बसवली, यील्ड झकास, मग प्लांटसाठी बॅच शीट लिहिली. त्यात एक ओळ होती, 'रिॲक्शन मास थंड झाल्यावर कॉस्टिक लाय हळूहळू टाका.' (मास म्हणजे रिॲक्शनचं मिश्रण, कॉस्टिक लाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी.) मला ती ओळ वाचताना काहीच खटकलं नाही, कारण वाचताना माझ्या डोळ्यासमोर माझा एक लिटरचा फ्लास्क होता, खाली बर्फाचं टब, वर ड्रॉपिंग फनेल, थेंब थेंब दीड तास. नाईट शिफ्टच्या ऑपरेटरसमोर काय होतं? दोन हजार लिटरचं रिॲक्टर आणि कॉस्टिकच्या टाकीचा व्हॉल्व्ह. त्याने जॅकेटला, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाला, हात लावून बघितला, आधीपेक्षा थंड लागला, म्हणजे झालं थंड, आणि व्हॉल्व्ह पूर्ण न उघडता अर्धा उघडला, म्हणजे झालं हळूहळू. बारा मिनिटांत सगळं कॉस्टिक आत. मासमध्ये ॲसिड होतं आणि मेथॅनॉल होतं, मेथॅनॉल ६५ डिग्रीच्या आसपास उकळतं, आणि ॲसिडमध्ये कॉस्टिक गेलं की उष्णता किती निघते ते तुला सांगायला नको. दुधासारखं वर आलं आणि मॅनहोलमधून, म्हणजे रिॲक्टरच्या वरच्या तोंडातून, बाहेर. कोणाला लागलं नाही, आग लागली नाही, ते नशीब, बॅच मात्र अख्खी ड्रेनला.

सकाळी चौकशीत सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो बिचारा माझी शीट हातात घेऊन उभा होता आणि मला म्हणाला, 'साहेब, तुमचं हळूहळू किती ते लिहा की.' एवढंच म्हणाला, आवाज पण चढवला नाही. मी त्या दिवशी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू, कळायला मला आठवडा गेला की त्याने माझी सूचना तंतोतंत पाळली होती.

आणि यात नुसता भाषेचा प्रश्न नव्हता बरं का, केमिस्ट्रीच अर्धी लिहिली होती मी. एक लिटरवरून दोन हजार लिटरला गेलं की माल दोन हजार पट होतो पण थंड करणारी भिंत जेमतेम १६० पट होते, त्यामुळे फ्लास्कमधलं हळूहळू आणि रिॲक्टरमधलं हळूहळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला माहीत होतं, त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत असलेलं मी कागदावर उतरवलं नाही. नंतरची शीट अशी झाली: मास थर्मामीटरवर २५ च्या खाली आला की कॉस्टिक चालू करा, ९० मिनिटांच्या आत संपवू नका, ३५ च्या वर जायला लागलं तर व्हॉल्व्ह बंद आणि ब्राइन (जॅकेटमधलं थंड खारं पाणी) पूर्ण उघडा, २५ ला आलं की परत चालू, आणि शेवटी एक वाक्य, जे मॅनेजरना नको होतं पण मी भांडून ठेवलं, 'घाई केली तर मेथॅनॉल उकळून मॅनहोलमधून बाहेर येतं.' हे 'का'वालं वाक्य कधी काढू नकोस. ज्याला 'का' ते माहीत असतं तो शीटमध्ये नसलेली भानगड झाली तरी बरोबर वागतो, उदाहरणार्थ ब्राइनचा पंप बंद पडला तर तो तुला फोन करण्याआधी व्हॉल्व्ह बंद करेल.

तर माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे: हे वाचून झाल्यावर वाचणारा काय करणार आहे? व्हॉल्व्ह उघडणार, प्रयोग परत करून बघणार, केळी विकत घेणार, का नुसतं पान उलटणार? त्याचे हात कुठे जाणार आहेत ते एकदा डोळ्यासमोर आलं ना की किती लिहायचं, कुठला आकडा द्यायचा, कुठला शब्द वापरायचा हे सगळं आपोआप ठरत जातं. तुझी स्टेप सात काय आहे मला माहीत नाही पण पैज लावतो, तिच्यात हळूहळू, थंड, पुरेसं, रूम टेंपरेचर, ओव्हरनाईट किंवा नेहमीप्रमाणे वर्कअप (रिॲक्शननंतर माल वेगळा करून घेणं) यातला एक तरी शब्द आहे. रूम टेंपरेचर म्हणजे कुठल्या रूमचं? मे महिन्यात एसी नसलेल्या शेडमध्ये ३८ असतं आणि ज्या जर्मन पेपरमधून आपण प्रोसेस उचलतो तिथे बहुतेक २०. ओव्हरनाईट म्हणजे काय तर मी संध्याकाळी सहाला लॅब बंद करून घरी गेलो आणि सकाळी नऊला आलो, यात केमिस्ट्री काही नाही, माझी लोकलची वेळ आहे. प्लांटमध्ये रात्र नसतेच, तिथे तीन शिफ्ट असतात.

हे आपण शिकतो कुठे माहितीये? शाळेच्या प्रयोगवहीत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, आणि कृतीमध्ये 'परीक्षानळीत द्रावण घेण्यात आले, त्यात आम्ल मिसळण्यात आले.' कोणी घेतलं, किती मिसळलं, पत्ताच नाही, सरकारी अधिसूचना वाचल्यासारखं वाटतं. आणि निरीक्षण तर आपण प्रयोगाच्या आधीच लिहिलेलं असायचं, मागच्या वर्षीच्या वहीतून. ती सवय एमएससीला जात नाही, पीएचडीला पण जात नाही. त्यापेक्षा आपल्या आया बऱ्या, 'चवीपुरतं मीठ' म्हणतात खरं पण पुरणाचं सांगताना झारा उभा राहिला पाहिजे असं पण सांगतात, म्हणजे झालं की नाही हे ओळखायचं कसं ते सांगतात. तुझ्या डॉक्युमेंटमध्ये हा झारा पाहिजे. 'रिॲक्शन पूर्ण झाल्यावर' असं लिहिलंस तर पूर्ण झाली हे कशावरून? रंग पिवळ्याचा तपकिरी होतो का, गढूळपणा जातो का, टीएलसीवर (रिॲक्शन कुठवर आली ते डागांवरून दाखवणाऱ्या पट्टीवर) कुठला डाग गेला पाहिजे, क्यूसीला, म्हणजे तपासणीच्या लॅबला, सॅम्पल द्यायचं तर किती टक्के उरलं तर पुढे जायचं. आणि तपकिरीचा काळा झाला तर? ते पण लिही, तू लॅबमध्ये एकदा तरी काळं केलंच असशील.

बॉस म्हणतात सायंटिफिक लिखाण असंच असतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मग हे सांग (किंवा नको सांगूस, इन्क्रिमेंट जवळ असेल तर). ऑरगॅनिक सिंथेसिस म्हणून १९२१ पासून चालू असलेलं एक प्रकाशन आहे, तू वापरलंच असेल. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारी केमिकल्स बंद झाली आणि अमेरिकेतल्या इलिनॉय युनिव्हर्सिटीत रॉजर ॲडम्स वगैरे मंडळी विद्यार्थ्यांकडून उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बनवून घ्यायला लागली, त्या कृती नीट लिहून ठेवायला लागल्या, त्यातून हे उभं राहिलं. त्यांचा नियम काय, तर तू कृती पाठवलीस की संपादक मंडळातल्या एकाच्या लॅबमध्ये तुझ्याशी संबंध नसलेला माणूस ती बनवून बघणार, आणि त्याला जमली तरच छापणार. म्हणजे वाचकाचे हात छापण्याच्या आधीच तपासायचे! आणि मग कृतीच्या खाली टिपा, त्यात वाचशील तर मजा येते, अमुक कुठल्या कंपनीचं घेतलं, ढवळणी किती जोरात ठेवली, इथे फेस येतो, घाबरू नका, किंवा इथे घाबरा. बॉसच्या लाडक्या जर्नलमधल्या चार पानी पेपरातली रिॲक्शन आपल्याला तीन आठवडे जमत नाही आणि ही पहिल्या फटक्यात जमते याचं कारण ऑपरेटर हुशार हे नाही, लिहिणाऱ्याला माहीत होतं की कोणीतरी खरंच करून बघणार आहे. जर्नलचा पेपर बऱ्याचदा रेफरीने, म्हणजे छापण्याआधी तो तपासणाऱ्याने, मान डोलवावी म्हणून लिहिलेला असतो. तोही वाचकच आहे म्हणा, पण तो व्हॉल्व्हला हात लावत नाही.

शब्दांचं एक सांगतो आणि मग आंब्याकडे येतो. शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते बघ. आमच्याकडे क्यूसीमध्ये हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आयोडीनच्या टायट्रेशनला वापरतो ते. आणि ईटीपीवर (कंपनीचं सांडपाणी साफ करतात तिथे), पाण्याच्या टाकीवर हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोघांचं काम एकमेकांच्या उलट, एक क्लोरीन मारतं आणि दुसरं क्लोरीनच आहे म्हण ना. 'हायपो टाका' एवढं लिहून कोणी शिफ्ट संपवून घरी गेला तर मागे काय होईल देव जाणे, ॲसिडच्या पाण्यात हायपोक्लोराइट गेलं तर सरळ क्लोरीन वायू निघतो. तेव्हा प्लांटच्या कागदावर लाडाचं नाव चालेल पण पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव आणि ड्रमचा कोड. एसडीएस बघ, केमिकलसोबत येणारा सुरक्षेचा माहितीकागद, १६ भाग असतात, त्यात धोका दुसऱ्या नंबरला आहे आणि आत काय काय आहे ते तिसऱ्याला, मग लगेच चौथा प्रथमोपचार. केमिस्टला आधी आत काय आहे ते लिहायची खाज असते, पण ज्याच्या डोळ्यात उडालंय त्याला नळ कुठे आहे ते पाहिजे असतं.

आता सोसायटी. इथे तू म्हणतेस सोपं केलं की चूक होते. तुझ्यासारख्याच एका बाईची गोष्ट सांगतो. जेन मार्सेट, लंडनची, साधारण १८०६ ची गोष्ट. हम्फ्री डेव्हीची केमिस्ट्रीची व्याख्यानं तेव्हा लंडनमध्ये गाजत होती, ही पण ऐकायला गेली आणि तिच्या डोक्यावरून गेलं. मग घरी एका ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत, प्रश्न विचारत, प्रयोग करून बघत तिला कळायला लागलं, आणि दुसऱ्यांदा व्याख्यानाला गेल्यावर सगळं समजलं. तेव्हा तिने ठरवलं की पुस्तक लिहायचं ते गप्पांसारखंच, एक शिकवणारी बाई आणि दोन मुली, एक शहाणी आणि एक जरा आगाऊ, ती आगाऊ मुलगी नको ते प्रश्न विचारते आणि त्यामुळे आपल्याला कळतं. पहिल्या आवृत्त्यांवर तिचं नावसुद्धा नव्हतं. हे पुस्तक लंडनमधल्या एका बुकबाइंडरकडे बांधणीला आलं आणि तिथे उमेदवारी करणाऱ्या पोराने ते वाचलं. तो मायकेल फॅरेडे, पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला तो. शाळा फारशी झालेली नाही, गणित नाही, पण त्याने काय केलं तर पुस्तकात जे लिहिलंय ते त्याला परवडतील तेवढे छोटे छोटे प्रयोग करून पडताळून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते खरं निघालं. म्हातारपणी, ती गेल्यावर, त्याने हे एका पत्रात लिहून ठेवलंय, आणि त्याच्या मते केमिस्ट्रीत त्याला पाय रोवायला जागा मिळाली ती तिथे.

बघ हं, ते सोपं होतं आणि बरोबर पण होतं, इतकं बरोबर की जगातल्या सगळ्यात चिकित्सक पोराला त्यात चूक सापडली नाही. तिला ते कसं जमलं? मला वाटतं तिला आपल्याला कुठे कळलं नव्हतं ते आठवत होतं. तुला आठवतं का, अकरावीत मोल कळला नव्हता तेव्हा नक्की काय कळलं नव्हतं? मला नाही आठवत, आणि म्हणूनच मी नातवाला मोल शिकवायला बसलो की घरात भांडण होतं.

तोच फॅरेडे पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मोठा माणूस झाला आणि १८६० च्या नाताळात पोरांसमोर सहा व्याख्यानं दिली, विषय काय तर मेणबत्ती. बस. वात मेण वर कशी ओढते, ज्योत का निमुळती होते, मध्ये काळं का असतं, जळून पाणी कसं तयार होतं, आणि विझवल्यावर जो धूर निघतो त्याला काडी लावली की ज्योत धुरावरून उडी मारून परत वातीवर येते. हे शेवटचं आज रात्री घरी करून बघ, फुंकर हळू मार आणि वारा नको. सगळी ज्वलनाची केमिस्ट्री त्यात येते पण सुरुवात होते ती प्रत्येकाच्या घरात असलेल्या वस्तूने.

आता तुझ्या दोन पानांची सुरुवात मी कल्पनेने सांगतो, चुकलो तर कान धर. 'कॅल्शियम कार्बाइड हे एक रासायनिक संयुग असून त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो.' मग खाली समीकरण. बरोबर? सगळं खरं आहे आणि सेक्रेटरी पहिल्या ओळीलाच पुढच्या पानावरच्या रांगोळी स्पर्धेच्या निकालाकडे गेले. तू अढीपासून सुरू कर ना! तुमच्या सोसायटीत निम्मे कोकणातले असतील, आजोळी माळ्यावर पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी आठवत नाही असा माणूस सापडणार नाही. अढीत आंबे का पिकतात? आंबा पिकायला लागला की स्वतःच एक वायू सोडतो, इथिलीन नाव त्याचं, आणि तो वायू शेजारच्या आंब्याला सांगतो की चल आता तू पण पीक. पेंढा तो वायू आणि ऊब धरून ठेवतो. एक पिकलेला आंबा कच्च्यांत ठेवला की बाकीचे लवकर होतात ते यामुळेच. इथपर्यंत आलीस की वाचणारा तुझा झाला, आता कार्बाइड आण: ज्याला दम धरवत नाही तो पेंढ्याऐवजी कार्बाइडच्या पुड्या ठेवतो, दमट हवेने त्यातून ॲसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, साल पिवळी होते आणि आतला आंबा कच्चाच. आणि बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, भीती खरी त्याची आहे, म्हणून अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, हवेत १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग.

पीपीएम लिहून सोडून दिलंस तर परत तीच शिफ्ट इनचार्जची गत. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, तिच्यात साधारण २८ हजार लिटर हवा असते, त्यात १०० पीपीएम म्हणजे पावणेतीन लिटरच्या आसपास इथिलीन, पाण्याच्या तीन बाटल्या भरणार नाहीत. हे गणित घरी बसून कोणीही पडताळू शकतं आणि वाचकाला असं पडताळायला मिळालं की तो तुझ्या बाकीच्या वाक्यांवर पण विश्वास ठेवतो.

पण थांब, मुळातच एक घोळ आहे आणि तो तुझा नाही, सेक्रेटरींचा आहे. भाद्रपदात आंब्यावर लेख वाचून माणूस करणार काय? मेपर्यंत वाट बघणार? गणपतीत घराघरात येतात ती केळी! प्रसादाची, नैवेद्याची, सत्यनारायणाची. जळगावकडून केळी हिरवी कच्चीच निघतात आणि रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकतात, तेव्हा 'केमिकलने पिकवलेली' हे त्यांना पण लागू आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि कार्बाइडची पुडी मात्र केळ्यांत पण वाईट. लेखाचं नाव 'प्रसादाचं केळं पिकतं कसं' ठेव आणि रांगोळी स्पर्धेच्या आधीचं पान माग.

'केमिकल' या शब्दाशी मात्र तुला भांडावं लागेल. आपल्याकडे केमिकल म्हणजे भेसळ, विष, बनावट असं समीकरण झालंय, केमिकल-फ्री गूळ, केमिकल-फ्री रंग. यावर चिडून लेक्चर देऊ नकोस, की पाणी पण केमिकलच आहे वगैरे. ते सगळे केमिस्ट म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा आपल्याला येडा समजतो. १९९७ मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या एका १४ वर्षांच्या पोराने शाळेच्या सायन्स फेअरसाठी ५० मुलांना डायहायड्रोजन मोनॉक्साइडबद्दल सांगितलं, की हे नाकातोंडात गेलं तर माणूस मरतो, ॲसिड रेनमध्ये असतं, लोखंड गंजवतं, बंदी घालायची का? ५० पैकी ४३ जण म्हणाले घाला. ते पाणी होतं. ही गोष्ट सांगून लोक हसतात, लोकांना काही कळत नाही म्हणून. मला त्यातून वेगळंच दिसतं, त्या पोराने एकही वाक्य खोटं सांगितलं नव्हतं. सगळी वाक्यं खरी आणि वाचणारा तरी फसला, कारण किती ते कुठेच नव्हतं. परत तेच बघ, हळूहळू किती ते लिहा की.

शब्दांचे अजून दोन खड्डे, तुझ्या लेखात येतील म्हणून. सेंद्रिय म्हणजे तुझ्यासाठी कार्बनची केमिस्ट्री, सोसायटीसाठी खत न मारलेली भाजी, पेट्रोल सेंद्रिय आहे म्हणालीस तर मीटिंग बोलावतील, तेव्हा तो शब्दच टाळ. आणि नेटवरून हिंदी मजकूर बघून लिहीत असशील तर जपून, मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्युल, हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्युल आणि ॲटमला परमाणु, हे मी छापील स्मरणिकांमध्ये उलटंपालटं झालेलं बघितलंय. बाकी मराठी शब्द का इंग्रजी यावर वाद घालत बसू नकोस, जो वाचकाच्या तोंडात आहे तो घे, उत्प्रेरक म्हणून कोणाची ट्यूब पेटत नसेल तर कॅटॅलिस्ट म्हण, आणि तेही नको असेल तर विरजण म्हण, जरा सैल उपमा आहे, विरजणातले जंतू वाढतात आणि कॅटॅलिस्ट वाढत नाही, पण चमचाभर पुरतं एवढ्यापुरती चालते, फक्त कुठे सैल आहे ते पुढच्याच वाक्यात सांगून टाक. सोपं करताना चूक होते ती इथे होते, उपमा कुठपर्यंत चालते ते न सांगितल्याने. कधी कधी तर मराठी शब्दच जास्त बरोबर असतो. ऑक्सिजनचं नाव लाव्हाझिए या फ्रेंच केमिस्टने ठेवलं ते 'आम्ल तयार करणारा' या अर्थाने, त्याला वाटायचं सगळ्या आम्लांत तो असतोच, आणि ते चुकीचं निघालं, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ऑक्सिजनचा पत्ता नाही. आपला प्राणवायू त्यापेक्षा शहाणा.

एक वाईट सवय पण मोड, 'असू शकते', 'संभवते', 'दर्शवते'. पेपरमध्ये ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, मान्य, पण सोसायटीतला माणूस 'कार्बाइड हानिकारक असू शकते' वाचून म्हणतो म्हणजे नसेल पण. जिथे खात्री आहे तिथे खात्रीने लिही, जिथे नाही तिथे नक्की कशाची नाही ते लिही.

आता या आठवड्याचं काम. स्टेप सात प्रिंट काढ आणि तो रात्री दीडचा शिफ्ट इनचार्ज आहे ना, त्याच्याकडे दुपारी जा, चहा सांग, आणि त्याला मोठ्याने वाचायला लाव, तू गप्प बसायचं. तो जिथे थांबेल, मान तिरकी करेल किंवा 'म्हणजे' म्हणेल तिथे पेन्सिलने खूण कर. समजावून सांगायचा मोह होईल, जीभ चावून बस, कारण रात्री तू तिथे नसतेस, कागद असतो. मग त्याला विचार की तू हे कसं करतोस, कारण बहुतेक वेळा त्याने तुझ्या अर्धवट ओळीची स्वतःच्या डोक्याने दुरुस्ती केलेली असते आणि ती तुझ्यापेक्षा चांगली असते. ती लिहून घे आणि डॉक्युमेंटमध्ये त्याचं नाव घाल, फोन निम्मे कमी होतील, निदान माझे तरी झाले होते. केळ्याचा लेख मला पाठव, पण माझ्या आधी मावशीला वाचून दाखव.

आणि मावशीचं म्हणशील तर तिची काही चूक नाही, पाटीवर केमिस्ट अँड ड्रगिस्ट असंच लिहिलेलं असतं, मला पण निवृत्तीनंतर शेजारचे खोकल्याचं औषध विचारतात. तिला सांग, तू बीपीची गोळी घेतेस ना, ती दुकानात येण्याच्या बऱ्याच आधी ड्रममधली पांढरी पावडर असते, आणि तसली पावडर बनवायची कशी ते मी शोधते आणि लिहून देते. एवढं तिला कळेल. मग ती विचारेल की तिथून घेतली तर स्वस्त पडेल का, त्याचं उत्तर मला ३१ वर्षांत सापडलेलं नाही.